शनीजवळ शिट्टी दिली नाही

विश्वात कुठेही, कुणीही, कोणतंही वाहन चालवत असो, तो ते चुकीचंच चालवतोय, अशी माझ्या लोणावळ्याच्या घरमालकांची श्रद्धा होती. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनावर त्यांनी जन्म काढला होता. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याची गाडी ढकलली आणि पुढच्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. निवृत्तीनंतर इंजिन गेलं, शिव्या उरल्या. त्या कुणाला घालायच्या, हा प्रश्न रेडिओनं सोडवला. मी शाळामास्तर म्हणून तुंगार्लीला त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेलो, त्याच सुमारास दर रविवारी सकाळी अंतराळाची एक लांबलचक मालिका लागायला लागली. पृथ्वीचं आरमार, मंगळाचा कपटी सम्राट, शनीच्या कड्यांत दबा धरून बसलेले चाचे, असा सगळा मामला. मालिका बहुधा पोरासोरांसाठी असावी. पण साठी उलटलेल्या घरमालकांइतकी मन लावून ती अख्ख्या लोणावळ्यात कुणी ऐकत नसेल.

त्या अर्ध्या तासात घरात संचारबंदी असे. घरमालकीणकाकूंनी कुटायचं नाही, वाटायचं नाही, खोकला आलाच तर परसात जायचं. मी मात्र शेजारी बसायलाच हवा, कारण शिव्यांना श्रोता लागतो. "सेनापती म्हणे! अहो मास्तर, एवढ्या उताराला लागण्याआधी ब्रेक तपासायला नको? घाटात असता तर पहिल्याच दिवशी दरीत गेला असता!" अंतराळात उतार नसतो, असं मी एकदा म्हणालो. त्यानंतर आठवडाभर माझ्या नळाला पाणी नव्हतं. दर सोमवारी ते रेडिओ केंद्राला तक्रारीचं पोस्टकार्ड टाकत. 'शनीच्या कड्यांतून वळताना चालकाने शिट्टी दिली नाही, ही गंभीर चूक आहे,' असं एक मी स्वतः वाचलं आहे. एकदाच उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, तेही छापील. ते त्यांनी चौकटीत घालून देवघराशेजारी लावलं.

दुसरं वेड सत्याचं. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना काकूंनी "मास्तर आत्ताच बाहेर गेलेत" म्हटलं, तर आतून आवाज येई, "आत्ता नाही, सतरा मिनिटं झाली!" मुलांना मी सांगितलेली गोष्ट खिडकीतून कानावर पडली, तर तिच्यातल्या चुका ते संध्याकाळी मला काढून दाखवत. कोल्हा बोलतो हीसुद्धा त्यात चूक.

या सत्यनिष्ठेचा लाभ भागूमावशीला होई. ती वरच्या वाडीवरून दूध घालायची. रविवारी तिला खंडाळ्याच्या बंगल्यांवर दूध पोचवावं लागे, म्हणून सोमवारी ती पायरीवर बसून म्हणायची, "भाऊ, सांगा, काय झालं वर?" मग घरमालक शब्दन्‌शब्द सांगत. मध्ये थांबून, "इथं दोन मिनिटं खरखर होती, त्यात काय झालं ते मला ठाऊक नाही," असंही बजावत. भागूमावशीचा जीव अडकला होता तो आरमारातल्या सगळ्यात धाकट्या वैमानिकात. तिचा मुलगा फौजेत होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. हे दोन्ही एकत्र जोडायला काही शाळामास्तर लागत नाही.

आणि एका रविवारी तो वैमानिक मेला. चाच्यांनी यान उडवलं, पृथ्वीवर त्याची आई रडली, करुण सनई वाजली. घरमालकांनी एकही शिवी दिली नाही.

सोमवारी भागूमावशी आली. चरवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, त्ये पोरगं आलं का माघारी?"

मी मनातून खूश होतो. आता या माणसाच्या सत्याची परीक्षा होती.

"आलं," घरमालक म्हणाले. "जरा लागलंय हाताला. पण आलं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या."

"व्हय? लय ब्येस झालं, माय!" ती डोळे पुसत म्हणाली.

मी तोंड उघडलं. कोल्ह्याचा सूड घ्यायची हीच वेळ होती. तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं.

पण एक खोटं बोलून भागत नाही. दर सोमवारी मेलेल्या वैमानिकाला काम देणं आलं. त्यासाठी घरमालकांनी एक वही सुरू केली, आणि आधीच्या थापेशी नवी जुळते का, ते रविवारभर तपासत बसत. वैमानिकाला बढती मिळाली. त्यानं सम्राटाला पकडलं. थापा मारण्यातही हा माणूस इतका काटेकोर, की वैमानिकाच्या हाताचं प्लास्टर बरोबर सहा आठवड्यांनी निघालं.

सातव्या आठवड्यात भागूमावशीच्या मुलाचं पत्र आलं, आणि पुढे दोन महिन्यांनी एका रविवारी भागूमावशी खंडाळा सोडून थेट आमच्या दारात. बरोबर उंच, रापलेला मुलगा. "भाऊ, ह्यो आला बगा! त्याला त्या पोराचं समदं सांगितलंय म्या. म्हनलं, आज दोगं मिळून ऐकू."

मालिकेला पाच मिनिटं होती. मी घरमालकांकडे पाहिलं. वही रेडिओवरच उघडी होती.

त्यांनी उठून ती मिटली. "सेट बिघडलाय," ते म्हणाले. मग मुलाला खुर्ची देत म्हणाले, "तू बस. कुठून कुठं गाडी बदललीस, ते सांग. इंजिन कुठलं होतं?"

काकूंनी चहा ठेवला. मुलगा सांगत राहिला, घरमालक ऐकत राहिले. एकाही ड्रायव्हरची चूक त्यांनी काढली नाही. माझ्या दोन वर्षांच्या मुक्कामात त्यांनी सोडलेला तो एकच भाग. शनीजवळ त्या दिवशी काय झालं, ते आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही.