पहिल्या नावाचा मान

आमची ताई खगोलशास्त्रज्ञ. लोकांना वाटायचं, ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. कसलं काय! दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसायची आणि घरी आली की मी तिच्या मानेला बाम चोळायचे. विश्वाच्या बालपणी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, कशा जन्मल्या, इतक्या झटपट मोठ्या कशा झाल्या, हे ती शोधत होती. तिची स्वतःची नोकरी मात्र वर्षानुवर्षं कच्चीच.

एकदा तिला दुर्बिणीच्या छायाचित्रांत दोन ठिपके सापडले. लाल प्रकाशात दिसणारे, निळ्यात गायब. म्हणजे बहुधा फार दूरच्या, अगदी सुरुवातीच्या दीर्घिका. पण जवळची, धुळीने भरलेली दीर्घिकाही अशीच फसवते. खात्री करायला ठिपक्याच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो, त्यावरून अंतर कळतं, आणि त्यासाठी मोठ्या दुर्बिणीवर नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं.

"थांबू या, सर," ती तिच्या वरिष्ठांना म्हणाली.

"थांबलो तर दुसरे कुणी छापतील. आणि हे बघ, या वेळी शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घालू."

तिच्या कामावर आजवर पहिलं नाव सरांचंच असायचं. ताई विरघळली. पहिलं नाव म्हणजे पक्की नोकरी हाताशी आली.

मी म्हटलं, "हा माणूस सुखासुखी काही सोडणारा नव्हे."

"तुला सगळेच लबाड दिसतात," ती फणकारली.

निबंध छापून आला. मागून पहिल्या ठिपक्याचा वर्णपट आला. जवळचीच दीर्घिका, नुसती धूळ! सगळीकडे हसं झालं. सरांनी सरळ हात वर केले. "पहिलं नाव जिचं, जबाबदारी तिची." पक्की नोकरी राहिलीच, कच्चीही गेली. थांबू या म्हणणारी ही, आणि उतावळी ठरली तीही हीच.

पुढे कधीतरी दुसऱ्या ठिपक्याचा वर्णपट आला. तो अस्सल निघाला, खरंच फार दूरची दीर्घिका. सरांचा सत्कार ठरला. मी नको नको म्हणत असताना ताई मला घेऊन गेली. सर पडद्यावर आलेख दाखवत भरभरून बोलले. "आम्हाला सापडली," म्हणाले. ताईचं नाव चुकूनसुद्धा नाही.

बाहेर पडताना त्यांनी तिला पाहिलं. "अरे, तू! सध्या काय करतेस?"

"शिकवण्या घेते, सर."

"वा, छान!" म्हणाले आणि वळून दुसऱ्याच कुणाशी बोलू लागले.

मी दातओठ खात होते. जिन्यात ताई थांबली. वाटलं, आता रडेल. पण तिचा चेहरा फुललेला.

"पाहिलास ना पडद्यावरचा आलेख? माझा होता. रंगसुद्धा बदलले नाहीत त्यांनी!"

सरांचा राग तर होताच. त्या क्षणी मला तिचा त्याहून जास्त आला.