दोन चुलींची खोली

रेशन कार्डावर गॅसचा शिक्का मारून घ्यायला माझे वडील स्वतःच्या पायांनी गेले होते. असं करणारा आमच्या चाळीत दुसरा कोणी नव्हता. तेव्हा कार्डावर सरकारी भावाचं रॉकेल मिळे आणि घरात गॅस असला तर ते बंद होई. म्हणून ज्याच्याकडे गॅस यायचा तो सिलिंडर चादरीत गुंडाळून खोलीत न्यायचा आणि रॉकेलच्या रांगेत पूर्वीसारखाच डबा लावायचा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला बरोबर घेतलं आणि रेशनिंग ऑफिसातल्या कारकुनापुढे कार्ड उघडून ठेवलं. शिक्का मारून झाल्यावर त्यांनी तो निरखून पाहिला.

"जरा ठळक मारा, साहेब."

कारकुनाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि शेजारी आणखी एक मारला.

गॅससाठी नाव आईने घातलं होतं. त्या काळात नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात. आमचा लागला तेव्हा आई नव्हती. बाबा लालबागच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत, ओव्हरटाइम मिळत होता, त्यामुळे डिपॉझिट भरता आलं. सिलिंडर आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. शेगडी ओट्यावर बसली आणि आईचा पंपाचा स्टोव्ह पोटमाळ्यावर गेला. शेजारच्या खोलीतल्या काकी सकाळी पातेलं घेऊन येत. "पटकन दूध तापवते गं तुमच्या गॅसवर, पोर रडतंय." मी सरकून जागा देई. चाळीत आमच्या खोलीला 'गॅसवाल्यांची खोली' म्हणू लागले. बाबांना ते ऐकायला आवडे.

मग गिरण्यांचा संप झाला. पहिले काही आठवडे सगळे म्हणत होते, मिटेल. लावणीच्या सुमारास चाळीतले निम्मे पुरुष गावी गेले. बाबाही गेले, धाकट्या भावाकडे. तिथे निदान भात होता. खोली सोडून चालणार नव्हतं, म्हणून मी राहिले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं होतं. दादरला एका टेलरकडे काजं-बटणं आणि तुरपाईचं काम धरलं. जाऊन-येऊन पायीच.

बाबा गेले त्याच महिन्यात गॅस संपला. गॅसची अडचण अशी, की पैसे एकगठ्ठा लागतात. रॉकेल बाटलीने आणता येतं. आज एक, चार दिवसांनी दुसरी. हातावर पोट असलेल्याला बाटलीचाच हिशोब परवडतो. मी पोटमाळ्यावरून आईचा स्टोव्ह काढला, चिंचेने घासला, वॉशर बदलला आणि डबा घेऊन रॉकेलच्या दुकानात गेले.

दुकानदाराने कार्ड उघडलं आणि माझ्या तोंडावर धरलं. "शिक्का आहे."

"गॅस संपलाय. भरायला पैसे नाहीत."

"ते मला नका सांगू. आणि एक नाही, दोन-दोन शिक्के. वडील मंत्री आहेत काय तुमचे?"

रांगेतल्या बायका हसल्या. त्यांतल्या दोघींच्या घरी गॅस होता, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. मी रिकामा डबा घेऊन घरी आले.

काळ्या बाजारात रॉकेल होतं. एकदा आणलं आणि पुन्हा आणायचं नाही असं ठरवलं.

मग काकींच्या स्टोव्हवर माझा भात शिजू लागला. त्यांनीच सुचवलं. "आमचं उतरलं की तुझं ठेव. पेटलेलाच असतो." काकींचा नवराही गिरणीतलाच, तोही घरी बसलेला. मी पातेलं घेऊन दारात उभी राहिले की तो पोरांना म्हणे, "उठा रे, जागा द्या. गॅसवाले आले." मनात वाईट काही नसे. त्याच्याकडे तेव्हा दुसरं काम नव्हतं आणि विनोद एवढा एकच होता. काकी त्याला म्हणत, "तुम्ही गप बसा, नाहीतर उद्यापासून तुमचा भात ती शिजवेल." भात होईपर्यंत मी उंबऱ्याशी बसून त्यांच्या मुलीचे पाढे घेई. पातेलं फडक्यात धरून आपल्या खोलीत येई आणि जेवे. काकी कधी वरून कालवण घालत, कधी नाही.

रॉकेल त्यांनाही मोजून मिळे. माझा भात होताना काकींचं लक्ष ज्योतीवर असे. त्या बोलत नसत, पण भाताला कढ आला की हात आपोआप चावीकडे जाई आणि मधेच थांबे. ते मला रोज दिसे. मला माझा स्वतःचा विस्तव हवा होता, बाकी काही नको होतं.

रेशनिंग ऑफिसात गेले. या वेळचा कारकून वेगळा होता, वयस्क, कानाला मफलर. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गॅस परत करा. एजन्सीची पावती आणा. शिक्का रद्द करतो, रॉकेल सुरू."

"गॅस वडिलांच्या नावावर आहे."

"मग त्यांना आणा."

"ते परत करायचे नाहीत."

त्याने पेन खाली ठेवलं. "लग्न झालंय?"

"नाही."

"कमावता?"

"हो."

"मग दुसरा रस्ता आहे. वडिलांच्या कार्डातून नाव कमी करायचं आणि तुमच्या नावाचं वेगळं कार्ड काढायचं. त्यावर शिक्का नसेल. पण चूल वेगळी पाहिजे. इन्स्पेक्टर येऊन बघतो. एका खोलीत दोन कार्डं चालतात, एका चुलीवर दोन चालत नाहीत." आणि मग, मी काही विचारण्याआधीच, "वडिलांची सही लागेल, मुलगी विभक्त झाली म्हणून."

विभक्त हा शब्द मी तोवर भावाभावांच्या भांडणातच ऐकला होता.

बाबा त्याच महिन्यात कामगारांच्या सभेसाठी परळला आले. सभा आटोपून खोलीवर आले, पाणी प्यायले, आणि ओट्यावरच्या थंड शेगडीवरून हात फिरवून बोटाला लागलेली धूळ पाहिली. मी लगेच विषय काढला. मला विषय लांबवता येत नाही. ते मालवणीत बोलत, मी शाळेतल्या मराठीत उत्तर देई. आमचं तसंच चाले.

"बाबा, गॅस परत करूया. रॉकेल सुरू होईल."

"गॅस परत करूचो नाय."

"रिकामा तर पडलाय."

"तुझ्या आवशीन नाव घातलेला. येकदा सोडलो काय परत गावूचो नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "गिरण सुरू झाली काय मी भरतलंय."

मग मी दुसरा रस्ता सांगितला. तुमचं कार्ड तुमच्याकडे, गॅस तुमच्याकडे, शिक्काही तुमच्याकडे. माझं नाव तेवढं बाहेर.

 शेजारी काकींचा स्टोव्ह सू सू करत होता. भिंत फळ्यांची, त्यामुळे सगळं ऐकू येई, आणि आमचंही तिकडे ऐकू जात असणार, कारण पलीकडे कोणी बोलत नव्हतं.

"मगे मी तुझ्याकडे पावणो झालंय," बाबा म्हणाले.

"रॉकेलपुरतं आहे, बाबा."

"कळता माका. सही खंय करूची?"

त्या दिवशी भात काकींकडेच शिजला. काकींचा नवरा विनोद करायला विसरला, की त्याने मुद्दाम केला नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कारकुनाने बाबांना विचारलं, "मुलगी विभक्त राहते, तुम्हाला मान्य?" बाबा म्हणाले, "होय." कार्डावरचं माझं नाव त्याने लाल शाईने खोडलं. बाबांचं नाव एकटं उरलं, वर आईचं आधीच खोडलेलं होतं. बाबा तिथूनच एसटी स्टँडवर गेले.

इन्स्पेक्टर आला तो मी कामावर निघताना. खोली एका नजरेत संपणारी होती. ओट्यावर शेगडी, खाली जमिनीवर स्टोव्ह. त्याला खात्री पटेना, म्हणून त्याने दारातून डोकावणाऱ्या काकींना विचारलं, "हिची चूल खरंच वेगळी आहे का?"

काकी पदराला हात पुसत आत आल्या. "बघा की डोळ्यांनी. वरच्या चुलीत गॅस नाही, खालच्या चुलीत रॉकेल नाही. याहून वेगळ्या कशा असणार? तिसरी चूल माझी, तीच काय ती पेटते."

इन्स्पेक्टर हसला आणि त्याने लिहून घेतलं.

काही आठवड्यांनी कार्ड आलं. कुटुंबप्रमुख मी, कुटुंबात माणसं एक. एका माणसाचं रॉकेल थोडंच मिळे, पण मला ते पुरे. दुकानदाराने कार्ड उलटंसुलटं करून शिक्का शोधला आणि मुकाट्याने माप भरलं. घरी येऊन नरसाळं लावून स्टोव्ह भरला, काकडा पेटवला, पंप मारला. पहिल्यांदा भडका उडाला, दुसऱ्यांदा निळी ज्योत धरली. भात आणि बटाट्याची भाजी केली. जेवले. भांडी घासली. सगळं मिळून फार वेळ गेला नाही, आणि मग उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळेना.

मदत मागताना कोणी सांगत नाही, की ती मिळाली की आपलं उंबऱ्यावर बसणंही जातं. काकींकडे जायला आता कारण नव्हतं. मी एक-दोनदा नुसती गेले. त्यांची मुलगी म्हणाली, "भात नाही आणलास?" तिचे पाढे तीसपर्यंत झाले होते. काकी बस म्हणाल्या, पण बसायला सांगावं लागणं वेगळं. तिकडे त्या आणि इकडे मी, दोघी आपापला स्टोव्ह पेटवायचो. फळीला दोन्हीकडून सारखाच आवाज यायचा. वर्षभरात त्यांनी खोली विकली आणि गावी गेल्या. नंतर तिथे जे आले त्यांच्यासाठी मी गॅसवाली वगैरे काही नव्हते.

बाबांची गिरणी पुढे थोडी सुरू झाली, त्यांच्या खात्याला बोलावणं आलं नाही. ते गावीच राहिले. मला परळच्या एका हॉस्पिटलात चादरी-कपड्यांच्या विभागात कायमची नोकरी लागली. तेवढ्यात एजन्सीचा माणूस सांगून गेला, की इतके दिवस नंबर लावला नाही तर कनेक्शन बंद होईल. म्हणून मी बाबांच्या पुस्तकावर सिलिंडर भरून घेतला. वापरायचा मात्र नाही, कारण माझं कार्ड वेगळ्या चुलीचं होतं आणि सांगितलेल्या गोष्टीला मी धरून राहते.

बाबा वर्षातून एकदा येत, प्रॉव्हिडंट फंडाच्या नाहीतर डोळ्यांच्या कामासाठी. पिशवीतून कोकम, कुळथाचं पीठ काढून ठेवत आणि पाहुण्यासारखे भिंतीला टेकून बसत. पहिल्या खेपेला मी कपबशी पुढे केली तेव्हा त्यांनी ती घेण्याआधी विचारलं, "ही चाय खंयच्या चुलीवरची? तुझ्या काय माझ्या?"

"तुमच्या."

त्यांनी वळून ओट्यावरची शेगडी पाहिली, पुसलेली, वर पातेलं. मग बशीत ओतून प्यायले. "बरी झाली हा," म्हणाले.

तेव्हापासून ते असले की सगळा स्वयंपाक वर, ते गेले की खाली. दोन दिवस, फार तर चार. ते एसटीत बसले की मी परत येऊन रेग्युलेटर बंद करी, शेगडी पुसे आणि स्टोव्हला पंप मारी. असा तो एक सिलिंडर किती वर्षं चालला, मोजलं नाही.

ते गावीच वारले. तार आली तेव्हा मी कामावर होते. गावाहून परतल्यावर पहिल्यांदा सिलिंडर हलवून पाहिला. बऱ्यापैकी जड होता. तो तसा ठेवून देण्यात अर्थ नव्हता. मी रोजचा स्वयंपाक वर सुरू केला. मला वाटलं, महिना-दीड महिन्यात संपेल. पण एका माणसाच्या भाताला ज्योत लागते ती किती. तो संपता संपत नव्हता. एके दिवशी डाळ अर्धी कच्ची असताना ज्योत पिवळी पडली आणि गेली. डाळ मी स्टोव्हवर शिजवली.

मग रजा टाकून आधी एजन्सीत गेले, पुस्तक माझ्या नावावर केलं आणि तिथून रेशनिंग ऑफिसात. बाबांचं कार्ड जमा केलं, माझं उघडून पुढे ठेवलं. मफलरवाला कधीच निवृत्त झाला होता. आताची कारकून बाई माझ्याच वयाची होती.

"शिक्का बसला की रॉकेल बंद होईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"लोक सांगत नाहीत सहसा."

"मारा."

शाईची पेटी सुकलेली होती. शिक्का फिकट उमटला, अर्धी अक्षरं आलीच नाहीत. बाबांनी दुसरा मारायला लावला असता. मी कार्ड पिशवीत घातलं आणि अर्धी रजा शिल्लक होती म्हणून कामावर गेले.