हिरामावशीच्या डब्यातलं पाणी

भूतखेत, करणी, मुंजा... यातलं मी काहीही मानत नाही. उलट लालबागमध्ये मीच फेकू म्हणून फेमस. माझं बोलणं लोक निम्मं वजा करून ऐकतात. आज वजा करू नका — या वेळी मी वरून काही घातलेलंच नाही.

रे रोडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. तिथे मी फेमटोसेकंद लेझर चालवतो. एका सेकंदाचे हजार लाख कोटी तुकडे करा. त्यातले शे-दोनशे म्हणजे आमच्या लेझरचा एक ठोका. इतका झटपट, की धातूला गरम व्हायला वेळच मिळत नाही. वरचा पापुद्रा उडतो, खालच्याला पत्ता नसतो. हृदयात बसवायच्या स्टेंटची जाळी आम्ही यावरच कापतो. झोपलेल्या मुंगीची दाढी करून देईन, तिला जाग येणार नाही!

हिरामावशी कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. आमच्या चाळीत वर्षानुवर्षं मासे घेऊन येते. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही. ना होडी सापडली, ना माणूस. मावशी रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. दीर कान्हा म्हणायचा, आता दिवस घालू या. ती ऐकायची नाही.

मग कुणाच्या तरी जाळ्यात एक स्टीलचा डबा आला. त्यावर शिंपल्यांचा असा थर, की दगडच वाटावा. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतातच. नवरा होडीवर न्यायचा तो लग्नातला डबा हाच असेल, तर थराखाली मावशीचं नाव निघणार. एका सकाळी मावशी आणि कान्हा तो घेऊन गाळ्यावर हजर.

"वैनी, एक हातोडा मारला का काम झालं. नायतर अ‍ॅसिड टाक."

"आनि अ‍ॅसिडनं नाव गेलं तर? तुज्या टकल्यावर कोरून घेऊ?"

मी डबा हलवला. आत पाणी डुचमळत होतं. चौघांनी ऐकलं — मी, मावशी, कान्हा आणि गाळ्याचे मालक दामले सर. सर पक्के इंजिनिअर.

"परब, स्टेंटच्या मशीनवर मासळीचा डबा ठेवणार तू?" सर ओरडले. मावशी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. दोन मिनिटांत सरांनीच तो मशीनवर बसवला.

थरामागून थर उडत गेला. शिंपल्यांची भुकटी व्हॅक्युम ओढत होता. जेवणवेळ टळली तेव्हा ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटली — 'चि. सौ. कां. हिरा हिस, मामाकडून'.

मावशीनं त्यावरून बोट फिरवलं. "माजाच हाय."

कान्हा तोंड फिरवून उभा राहिला.

"उघड रे बाला," ती मला म्हणाली.

झाकणाच्या कडेचा थर काढून मी झाकण उघडलं. आत पाण्याचा थेंब नाही! कोरडं ठाक स्टील... आणि तळाला चिमूटभर साखर. दाणा न् दाणा सुटा.

मावशी आधी हसली, मग रडली. "रिकामा डबा घरी आनायचा नाय, मीच सांगितलेलं त्याला. होडीवरच्या चहाची साखर रोज चिमूटभर टाकून आनायचा." तिनं चार दाणे जिभेवर ठेवले. "कान्हा, दिवस घालू. आजपासनं ताट झाकायची नाय मी."

डबा त्यांच्या हाती देण्याआधी सरांनी मशीनची सगळी सेटिंग तपासली. पाणी उकळून गेलं म्हणावं, तर डबा कुल्फीसारखा गार. भोक पडलं म्हणावं, तर मायक्रोस्कोपखाली इंच न् इंच बघितला — भोक नाही. मशीनवर ओल नाही. लेझरवाले कुणी वाचत असाल तर सांगा, पाणी गेलं कुठे? आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

दिवस झाल्यावर मावशीनं त्याच डब्यातून आम्हाला सुका जवळा पाठवला. डबा परत द्यायला निघालो, तर सर म्हणाले, "थांब, असाच देणार का?" आणि चहाच्या बरणीतून स्वतः साखर काढून आत घातली.

झाकण लावून त्यांनी डबा कानाशी धरला आणि हलवला. मीही कान पुढे केला.

साखरच वाजली.