कुजबुजीचा पल्ला

दादा कॅनडाला गेला तेव्हा पप्पा त्याला सोडायला आले नाहीत. दिंडोशीहून विमानतळ तो कितीसा लांब? पण आदल्या आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पप्पांनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. दादाने सरकारी परीक्षा द्यावी ही त्यांची इच्छा, आणि दादाने फॉर्म न भरताच तिकडच्या कॉलेजात प्रवेश घेतलेला. "जा. तिथं जाऊन काय दिवे लावतोस ते बघतोच मी," असं पप्पा म्हणाले. दादाही गप्प बसला नाही. "इथे राहून तुम्ही कोणते लावले?"

त्यानंतर दोन वर्षं फोनवर दोघांचं बोलणं एवढंच. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "झालं." की मोबाइल आईकडे.

दादाच्या कपाटात तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि फाशांची एक पिशवी राहिली होती. कॉलेजात असताना तो मित्रांबरोबर एक खेळ खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी चोर, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, आणि अवघड प्रसंगात काय होणार ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. पप्पा तेव्हा त्याला खुळ्यांचा बाजार म्हणायचे. निवृत्त झाल्यावर एका दुपारी मात्र ते मला दादाच्या कॉटवर बसलेले दिसले. मांडीवर त्यातलं एक पुस्तक, शेजारी डिक्शनरी, हातात पेन्सिल.

"हे फीट म्हणजे फूटच ना गं?"

"नाही पप्पा, त्याचं स्पेलिंग वेगळं. फीट म्हणजे पात्राला मिळणारं खास कसब."

"आणि कॅन्ट्रिप?"

"छोटे मंत्र. कितीही वेळा वापरा, संपत नाहीत."

"हे बरंय," म्हणाले आणि समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

मी गुपचूप फोटो काढून दादाला पाठवला. दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या सकाळी मेसेज आला, "विचार त्यांना, खेळणार का?"

मी विचारलं. पप्पा म्हणाले, "त्याला वेळ असेल तर."

तेव्हापासून दर रविवारी आई-पप्पा विहारातून परत आले, चहा झाला, की मी लॅपटॉप उघडायचे. दादाकडे शनिवारची संध्याकाळ असायची. तो गोष्ट सांगायचा, मी चोर, पप्पा मांत्रिक. आई भाजी निवडत ऐकायची. पप्पांनी आगीचा गोळा फेकायचा एक कॅन्ट्रिप घेतला आणि दुसरा कुजबुजीचा. लांब उभ्या असलेल्या माणसाच्या कानात निरोप सांगायचा, त्यालाच ऐकू येतो, आणि तोही तसंच हळू उत्तर देऊ शकतो. दोन्हींचा पल्ला एकशेवीस फूट. एकशेवीस फूट म्हणजे नक्की किती, हे बघायला पप्पा खाली उतरले आणि पावलं मोजत चालले. आमच्या जिन्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत भरलं. वर येऊन म्हणाले, "तसं काही जास्त नाही."

खेळत गेलं की पात्राची लेव्हल वाढते आणि अधूनमधून नवं फीट मिळतं. चौथ्या लेव्हलला त्यांनी पल्ला दुप्पट करणारं फीट घेतलं. फार खूश होते.

मग एका रविवारी आम्ही एका दरीपाशी पोचलो. माझी चोर दोराने पलीकडे गेली. पप्पांचा मांत्रिक अलीकडच्या कड्यावर, मध्ये दोनशे फूट. दादा म्हणाला, "तुझ्या पाठीमागच्या झुडपात दोघं धनुष्य ताणून बसलेत. तुला दिसत नाहीत. पप्पा, तुम्हाला दिसतायत."

"मी तिला कानात सांगतो," पप्पा घाईने म्हणाले. "कुजबूज."

"एकशेवीस फूटच जाते ती, पप्पा."

"पण माझं फीट आहे ना दुप्पटवालं!"

दादा काही बोलायच्या आत पप्पांनीच पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि बोट तिथंच थांबलं. "ज्या मंत्राला नेम धरून फासा टाकावा लागतो, त्याचाच पल्ला दुप्पट होतो. कुजबुजीला नेम नाही."

"जाऊ द्या ना पप्पा, घरातलाच खेळ आहे. मी चालवून घेतो."

"नाही. लिहिलंय ते लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आग मी दोनशे चाळीस फुटांवर फेकू शकतो. आणि शब्द काही एकशेवीसच्या पुढं जात नाही."

आईचा हात भाजीवर थांबला होता. दादा स्क्रीनवर खाली बघत होता. मग म्हणाला, "हो पप्पा. तसंच आहे ते."

शेवटी पप्पांनी माझ्या समोरच्या वाळक्या झाडावर आग फेकली. मी दचकून खाली वाकले, एक बाण डोक्यावरून गेला, दुसरा खांद्यात बसला. जीव वाचला.

खेळ संपल्यावर लॅपटॉप मी मिटणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "पप्पा, एक मिनिट. अजून एक फीट आहे. त्याने कुजबुजीचासुद्धा पल्ला दुप्पट होतो. दिवसातून दोनदाच, पण होतो. आठव्या लेव्हलला मिळेल तुम्हाला."

"आत्ता कितवी माझी?"

"पाचवी."

"खेळू की मग," पप्पा म्हणाले.

खेळलो. मधल्या वारीही पप्पा दादाला फोन करायला लागले. आधी नियम विचारायला, मग तिकडचा बर्फ, भाताचा कुकर, घरमालकीण, असं काहीही. एका बुधवारी ते गॅलरीत फोनवर होते आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. ऐकू आलं, "तेव्हा मी तसं बोलायला नको होतं." मग कितीतरी वेळ ते नुसतं ऐकत राहिले. मग, "हं. हं. अरे, तूही लहान होतास. स्वेटर घालतोस ना?" मी घड्या तशाच ठेवून स्वयंपाकघरात गेले, आईला सांगायला.

सातव्या लेव्हलला खेळ थांबला. दादाला नवी नोकरी लागली आणि शनिवार-रविवार कामाचे झाले. पहिले दोन-तीन रविवार "पुढच्या वेळी नक्की" झालं, मग तेही थांबलं. पप्पा तरी विहारातून आले की लॅपटॉप चार्जिंगला लावायचे. मलाही तो आवाज हवा असायचा, "आता तुम्हाला समोर काय दिसतंय, सांगतो," म्हणणारा. लहानपणी आम्ही दोघं एकाच खोलीत झोपायचो तेव्हाही तो असाच काहीबाही सांगायचा, आणि मी ऐकता ऐकता झोपायचे.

मध्यंतरी दादा फोनवर म्हणाला, "पप्पा, तुमच्या मांत्रिकाच्या कागदावर सरळ आठवी लेव्हल लिहून टाका. ते फीटही घ्या. मी सांगतोय ना."

"न खेळता?"

"कोण बघतंय?"

"मला लेव्हल नको रे," पप्पा म्हणाले. "तू ये."

"सुट्टी नाही मिळत, पप्पा. पुढच्या उन्हाळ्यात बघतो."

"बघ."

अंधेरीत एका कॅफेत रविवारी हाच खेळ चालतो असं कळलं, म्हणून मागच्या महिन्यात मी एकटीच जाऊन आले. माणसं चांगली होती. गोष्ट सांगणारा मुलगा तर आवाज बदलून बदलून सांगत होता, एकदम झकास. घरी आले तर पप्पा वाटच बघत होते.

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

"दादासारखं सांगतो का तो?"

"नाही."

त्यांना बरं वाटलं असावं. पण चेहरा लगेच सरळ करून म्हणाले, "तरी जात जा. घरी बसून काय करतेस?"

त्यानंतरच्या रविवारी मी गेले नाही. चहा झाल्यावर पप्पा म्हणाले, "आत्ता तिकडं किती वाजले असतील गं?" मी सांगितलं. "म्हणजे ड्यूटीवरच असेल," म्हणाले, आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.