खड्ड्यात बसवलेलं यंत्र

शालूताई गेल्याचा फोन त्यांचा धाकटा भाऊ वसंता याने केला, तेव्हा मी नागपुरात गांधीबागेत होतो. "ताई गेली," तो बोलला आणि पुढे म्हणाला, "मलावीची मशीन आली होती. तपासाची राहून गेली गा…" या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

हाताने फिरवून भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र शालूताईंच्या कळमेश्वरच्या लहानशा कारखान्यात बनतं. त्यांचं बालपण खापा गावात गेलं. आईबरोबर त्या लोकांकडे बियाण्याच्या शेंगा फोडायला जात. अंगठ्यांची सालं निघत आणि जेवताना वरणात बोटं घातली की झोंबत. यंत्र त्या अंगठ्यांसाठी केलं, असं त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं. मी बातमीसाठी गेलो होतो. पुढे मैत्री झाली.

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका महिला गटाने त्यांच्याकडे यंत्रं मागवली. गटात बहुतेक जणी विधवा, जमीन नसलेल्या, शेंगा फोडण्याच्या मजुरीवर जगणाऱ्या. मी बातमीत 'मलावीच्या महिलांना मदत' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच शालूताईंचा फोन आला. "मदत काहून लिहिलं गा भाऊ? गिऱ्हाईक आहेत त्या माह्या."

पहिली तीन यंत्रं गेली आणि काही दिवसांनी तिकडून फोटो आला. अंगणात हातभर खोल खड्डा, खड्ड्यात कळमेश्वरचं यंत्र आणि त्याच्याभोवती पाय पसरून बसलेल्या, हसणाऱ्या बाया. कारखान्यात यंत्र उभ्याने चालवून तपासलं जाई आणि तपासणारे सगळे पुरुष. तिथल्या बाया जमिनीवर बसून काम करतात का, हे कोणी विचारलंच नव्हतं. फोटो पाहून शालूताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी उरलेली यंत्रं पाठवणं थांबवलं.

"चालून राहिली ना मशीन? मंग काहून थांबवून राहिली वं ताई?" वसंता म्हणाला.

"पावसात खड्डा भरन, तवा तू जाशील का पाणी उपसाले?" आणि मग हळू आवाजात, "मीबी बसूनच फोडत होती शेंगा. मीच इसरली…"

यंत्राचे पाय कापून आखूड केले. कारखान्यात एक चटई आली. तिच्यावर पाय पसरून बसायचं आणि प्रत्येक यंत्र स्वतः फिरवून बघायचं, हा शालूताईंचा रोजचा क्रम झाला. खांद्याला ओढ बसली की यंत्र परत. मोडलेला भाग तिकडच्या लोहाराला करता यावा म्हणून त्यांनी यंत्राचा पूर्ण नकाशाही पाठवून दिला. वसंताला ते मुळीच पटलं नाही. "उद्या त्या आपल्यालेच मशीन विकतील, मंग?"

"घेऊ एक. आपल्याहून चांगली असन, तं शिकू."

त्या नकाशावरून गटाने केलेलं पहिलं यंत्र शालूताईंनी तपासावं म्हणून तिकडून निघालं. ते पोचलं तेव्हा त्या दवाखान्यात होत्या.

गेल्या आठवड्यात मी कळमेश्वरला गेलो. ते यंत्र चटईवर होतं. वसंता त्याच्यासमोर पाय पसरून बसला, त्याने मूठभर शेंगा टाकल्या आणि दांडा फिरवला. टरफलं उडाली. त्याने आणखी शेंगा टाकल्या, या वेळी डाव्या हाताने फिरवून पाहिलं.

"हलकी आहे गा," तो म्हणाला. "आपल्याहून हलकी."

मग चटईवरची टरफलं गोळा करत म्हणाला, "आता त्याइचा नकाशा मागवा लागन."