पाहिलं नाही तोवर

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी झोपेत काय बडबडलो हेसुद्धा तिला ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

मी चंद्रपूरकडच्या मूल गावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्गात पोरं पेंगतात. पण दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा भरली, पाहुणे जमले, की मी वेगळाच माणूस. नाटक रात्री, तोवर दुपारभर ओसरीवर माझाच प्रयोग. मी बोलायचं, सगळ्यांनी हसायचं — पोट सुटलेल्या मास्तराला आणखी काय हवं?

त्या वर्षी मी क्वांटम काढलं. आमच्या घरी खळ्यावर धानाची रास लागली की मोजेपर्यंत तिच्यावर चादर टाकतात, कोणाला पाहू देत नाहीत. आज्याची रीत. मी म्हटलं, अरे, आपल्या आज्याला क्वांटम ठाऊक होतं! माणसानं पाहिलं नाही तोवर काहीच ठरत नाही. चादरीखाली रास थोडीही असते आणि भरपूरही! मोबाईलवर असल्या थापा फिरतच होत्या. मी फक्त फोडणी घातली.

"मामाजी," नवा जावई म्हणाला, "म्हंजे बारावीचा निकालच नसता पाह्यला, त मी पास होतो का?"

ओसरी खदखदली. विमलबाई तेवढी हसली नाही. माझी मोठी बहीण, नागभीडला दिलेली. सुपातले तांदूळ निवडता निवडता तिनं मान वर केली. "खरंच का रे? का मजाक करून राह्यला?"

इथं जरा थांबतो.

कारण उत्तर मला येत होतं. त्या सूक्ष्म कणांच्या दुनियेत 'पाहणं' म्हणजे माणसाचे डोळे नव्हेत, मन तर नव्हेच. कण उपकरणाला भिडला, हवेला भिडला, तरी ठरायचं ते ठरतं. आणि धानाची रास, माणसाचं शरीर — एवढ्या मोठ्या गोष्टी कोणाच्या नजरेची वाट पाहत बसतात होय? दोन वाक्यांचं काम. पण मग मजा गेली असती ना? मी म्हटलं, "बाई, विज्ञान आहे हे. शंभर टक्के."

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला नागपूरला न्यावं लागलं. छातीत गाठ. डॉक्टर चिडलेच — इतके दिवस काय करत होता? भाची सुजाता औषधं आणायला खाली गेली, तेव्हा बाई मला हळूच म्हणाली, काही शहाणपण केल्यासारखी —

"मंडईच्या आधीपासूनच हाताले लागत होती. तपासाले गेलीच नाई मी. पाह्यलं असतं त ठरून गेलं असतं न? तूनंच त सांगतलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी खिडकीतून खालच्या गाड्यांकडे बघत राहिलो — एकही गाडी दिसत नव्हती. माझा विनोद? तो ती इतके महिने अंगात घेऊन फिरत होती?

तेव्हा तरी बोललो का? नाही. "आराम कर," म्हणालो.

धान कापणीला यायच्या आधी बाई गेली.

तेरवी झाल्यावर सुजातानं विचारलं, "मामा, आईनं काऊन लपवलं असंन? तुमच्यासंगं त सगळं बोलत होती."

आणि मी — घरातला विज्ञानाचा माणूस — काय म्हणालो असेन? "जुनं माणूस होतं, पोरी. नजर-बिजर मानायची. अडाणीपणा."

बोललो, आणि स्वतःच दचकलो. इतक्या सहज आलं तोंडातून. पण परत घेतलं नाही. आता सगळ्या नात्यात तेच पक्कं झालंय — विमलबाई अंधश्रद्धेपायी गेली. खरं तर त्या भरल्या ओसरीत नीट प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

सुजाता आता गावोगावी बायांच्या बैठका घेते. गाठ लागली तर लपवू नका, तपासून घ्या, सांगते. मागच्या महिन्यात मलाही बोलावलं, पाहुणा म्हणून. शाल दिली. मग माईकवर म्हणाली, "माही आई अडाणी होती. मामाले विचारलं असतं, त आज असती." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.