तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट

परवा लातूरच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला. आमच्या घरात मासळी शिजत नाही, तरी मी थांबले, कारण मला कोकणच्या किनाऱ्यावरची ती दुपार आठवली. भूकंपात गावाकडचं आमचं दगडी घर कोसळलं, त्यात माझा नवरा गेला. पुढं लातुरात मी क्लासच्या पोरांसाठी मेस चालवली. वर्षानुवर्षं भाकरी थापून जमवलेल्या पैशांत समुद्रासमोर फ्लॅट घ्यायचा आणि सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायचा, असं मी ठरवलं, तेव्हा धाकटे दीर मला अडवायलाच सोबत आले. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ताज्या रंगाचा वास कोंडला होता. मी गॅलरीचं दार उघडलं तसा सुक्या मासळीचा वास घेऊन खारा वारा आत घुसला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि दिरांनी भिंतीला हात टेकला. "वहिनी, त्यापरीस लातुरात पोरांसाठी खोल्या बांधा. हितं आपलं कोन हाय? अन् उद्या हे हाललं तर?" "हालू द्या, भावजी," मी म्हणाले. "पडलेल्या भिंतीखालून जित्ती निघालेली बाई हाय मी. आता भीतीला इचारून घर घेनार न्हाई." मग मी बिल्डरच्या माणसाला कागद काढायला सांगितले आणि तिथंच सही केली. आज तो फ्लॅट जवळजवळ वर्षभर भाड्यानं जातो. दिवाळीत सगळ्यात जास्त भाडं मिळतं, म्हणून तिथली व्यवस्था बघणारा माणूस दरवर्षी माझी मनधरणी करतो. पण दिवाळीत मी तो कुणालाच देत नाही, गॅलरीत खुर्ची टाकून स्वतः बसते.